जावयाने आणलेले टायर

सुट्टीच्या दिवशी सकाळी काचवाला अंगणात बसून एका जुन्या खिडकीच्या काचेभोवती लिंपलेली, वाळलेली लांबी खरवडत होता, तेव्हा फाटकापाशी जावयाची मोटार येऊन थांबली. येणार असल्याचा फोन नव्हता. पुढे लेक ठकी बसली होती आणि मागच्या सीटवर, पाहुणे बसवावेत तसे, दोन टायर उभे बसवलेले होते. आणखी दोन डिकीत होते. डिकीचं झाकण लागत नव्हतं म्हणून सुतळीने बांधलं होतं.

"बाबा, ओळखा पाहू काय आणलंय!" जावई उतरता उतरताच म्हणाला.

ओळखण्यासारखं काही नव्हतं. मागच्या भेटीत जेवताना काचवाला सहज बोलून गेला होता, की पिकअपचे टायर पार गुळगुळीत झालेत, आता बदलायला हवेत. एवढंच. पिकअप ठकी शाळेत जायच्या आधीपासूनची. गाडीच्या पाठीवर तिरकी लाकडी चौकट ठोकलेली, त्या चौकटीला टेकून काचा गावभर फिरत. हवे तसे टायर त्याने कोपऱ्यावरच्या टायरवाल्याकडे बघूनही ठेवले होते. पण जावई ऐकणारा माणूस. ऐकलं की लक्षात ठेवणारा. गोदामाचा मॅनेजर असल्याने कुठली वस्तू कुठे पडून आहे हे त्याला ठाऊक असायचं.

"एका जीपवरून उतरवलेत," जावई म्हणाला. "नवेच समजा. जीप विकली, हे उरले. म्हटलं, घरच्या माणसाला नाही द्यायचे तर कुणाला?"

बायको दारात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा उजळला. "बघा," ती नवऱ्याला म्हणाली, "पोटचा मुलगा असता तरी एवढं केलं नसतं."

काचवाल्याने एक टायर उभा धरून पिकअपच्या चाकाशेजारी लावून पाहिला. टायर जुन्यापेक्षा बोटभर उंच होता आणि चांगलाच रुंद.

"साइज वेगळा दिसतोय," तो म्हणाला.

"वेगळा नाही बाबा," जावई हसून म्हणाला, "मोठा आहे."

मग त्याने शर्टाच्या बाह्या नीट, एकसारख्या घड्या घालून दुमडल्या आणि कामाला लागला. कुणाला हात लावू दिला नाही. जॅक लावला, नट सैल केले. रिमवर टायर चढवायला चाकं टायरवाल्याकडे न्यायची होती, तर तीही स्वतःच मोटारीत घालून घेऊन गेला आणि घेऊन आला. काम करताना तो गुणगुणत होता. ठकी पायरीवर बसून त्याच्याकडे बघत होती. तिने आल्यापासून आईला "कशी आहेस" एवढंच विचारलं होतं.

चारी चाकं चढली. पिकअप एकदम दांडगी दिसायला लागली. जावई आत बसला, स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे वळवलं आणि गाडी हातभर पुढे घेतली. कर्रर्र करून आवाज आला. डावीकडे वळवलं, तरी तोच आवाज.

"घासतोय," काचवाला म्हणाला. "मडगार्डला लागतोय."

"हातोडा आहे?"

काचवाल्याने हातोडा दिला. जावयाने मडगार्डची आतली कड ठोकून ठोकून वर वळवली. रंगाचे पापुद्रे उडाले. मागे लोंबणारं रबर आडवं येत होतं, ते चाकूने कापून टाकलं. काचवाल्याला वाटलं, आपल्यालाच कुणी ठोकतंय. पण म्हणणार काय? जावई हा दहावा ग्रह, असं त्याचे वडील म्हणायचे. इतर नऊ निदान आकाशात तरी असतात.

"गाडीने थोडी जागा करून द्यायला हवी," जावई म्हणाला. "घरात नवं माणूस आलं की आपण सरकून बसतो ना, तसं."

"जुने टायर ठेवू या का? असावेत एखाद-दुसरे."

"ते मी मोटारीत टाकलेसुद्धा. भंगारात देतो. तुम्हाला कशाला त्रास!"

हात धुवायच्या निमित्ताने काचवाला स्वयंपाकघरात गेला, तर ठकी त्याच्या मागोमाग आली. ती दाराकडे पाठ करून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "बाबा, छान आहेत म्हणा."

"अगं, पण घासतायत. नाकापेक्षा मोती जड झालाय."

"घासू देत. तुम्ही अजून छान आहेत असं म्हणाला नाहीत. म्हणा ना. एकदाच."

काचवाल्याने लेकीकडे पाहिलं. लहानपणी औषध घेताना ती असाच चेहरा करायची, आधीच गिळून टाकल्यासारखा. तो बाहेर गेला, चाकावर थाप मारली आणि म्हणाला, "जावईबापू, झकास झालं काम. छान आहेत टायर."

जावयाचा चेहरा असा खुलला, की बायकोला भरून आलं. काचवाला मात्र लेकीकडे बघत होता. तिने रोखून धरलेला श्वास सोडला होता.

त्यानंतर काचा फुटायला लागल्या.

आयुष्यभर काचा वाहिलेला माणूस तो. खड्डा कसा घ्यायचा आणि ब्रेक कसा लोण्यासारखा लावायचा, हे त्याच्या पायाला कळत होतं. पण या टायरांची कड कडक होती, रस्त्यावरचा खडान् खडा वर पोचायचा. एका दुकानाची दर्शनी काच उतरवताना कोपऱ्यात केसाएवढा तडा निघाला. मग नाच शिकवणाऱ्या बाईंचा भिंतभर आरसा मधोमध उभा चिरला. त्या बाई भल्या होत्या, भांडल्या नाहीत. पण दोन तुकड्यांत स्वतःचं तोंड बघून त्या मागे सरल्या, ते काचवाल्याच्या डोळ्यांपुढून जाईना.

स्टेअरिंग ओढून ओढून खांदा भरून यायचा. गाडी जड झाली होती, पहिल्या गिअरमध्ये कण्हायची. उलट सपाटीला लागली की काटा दाखवायचा त्याहून जोरात पळायची. कारण साधं होतं: चाक मोठं, म्हणजे एका फेऱ्यात जास्त रस्ता कापला जाणार, आणि काट्याला त्याचा पत्ता नाही. भार टाकून वळलं की तो कर्रर्र आवाज यायचा आणि मागून जळक्या रबराचा वास. रात्री अंथरुणात पडल्यावरसुद्धा त्याला तो वास आल्यासारखा वाटायचा.

शेवटी तो टायरवाल्याकडे गेला. टायरवाला त्याच्याच वयाचा होता, तोंडाने फटकळ. गाडीखाली वाकून त्याने चाकं आतून चाचपून पाहिली.

"इथे हात लाव," टायरवाला म्हणाला.

काचवाल्याने हात आत घातला. चाकापाशी ब्रेकच्या तेलाचा रबरी पाइप होता. त्याच्या एका बाजूला बोटाएवढा भाग घासून गुळगुळीत झाला होता.

"भार असताना पूर्ण वळवलंस की टायर इथे येऊन घासतोय. आज ना उद्या पाइप फाटणार. मग तू ब्रेक दाबशील आणि पाय जाईल थेट खाली. कुणी बसवले हे?"

"जावयाने."

"मला त्याने चाकं आणून दिली तेव्हाच म्हटलं होतं मी, की या गाडीला हे चालायचे नाहीत. तो म्हणाला, 'तुम्ही फक्त चढवून द्या.' बोलतो मात्र गोड."

काचवाल्याने त्याच दिवशी जुन्या मापाचे टायर बसवून घेतले. पाइपही बदलायचा होता, पण तो दुकानात नव्हता, मागवावा लागणार होता. जावयाचे टायर त्याने घरी आणून शेडमध्ये पोत्यांखाली झाकून ठेवले. जावई भेटला की समजावून सांगू. शहाणा माणूस आहे, ब्रेकचं नाव काढलं की त्याला पटेल. गाडी पुन्हा पूर्वीसारखी चालायला लागली. तरी फाटकापाशी एखादी मोटार थांबली की काचवाला हातातलं काम टाकून शेडचं दार लोटून घ्यायचा. सासऱ्याने जावयाला भ्यायचं, हे त्याचं त्यालाच हसू येण्यासारखं होतं. पण हसू येत नव्हतं.

पुढच्या भेटीला जावई फोन करून आला. उतरला तो सरळ पिकअपकडेच गेला. समजावून सांगायचं म्हणून काचवाला लगबगीने पुढे झाला. "अहो जावईबापू, त्याचं असं झालं..."

जावयाने हात वर करून त्याला थांबवलं. तो उकिडवा बसला, नव्या टायरवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "छान. लहान आहेत."

बस्स. पुन्हा त्या विषयावर अवाक्षर नाही. जेवायला बसल्यावर त्याने सासूच्या हाताची तारीफ केली, काचवाल्याच्या खांद्याची चौकशी केली. ठकीशी मात्र तो एक शब्द बोलला नाही. तिने वाढलं तर त्याने पान थोडं बाजूला सरकवलं. ठकीचा घास हळू हळू लहान होत गेला. मग जावई उठला, हात पुसले आणि म्हणाला, "चल."

"अहो, चहा तरी..." बायको म्हणाली.

ठकी अर्ध्या जेवणावरून उठली होती. तिने दारात चपला पायात सरकवल्या. एका चपलेचा पट्टा लावायचा राहिला, तशीच ती फटक फटक करत मोटारीकडे गेली. जावयाने तिच्यासाठी दार उघडून धरलं होतं. फाटकातून बाहेर पडताना त्याने हात हलवला. तिने मागे वळून पाहिलं नाही.

दोन-तीन दिवसांनी दुपारी तिचा फोन आला. मागे नळ सोडल्याचा आवाज येत होता, बादली भरून वाहत असावी.

"बाबा, ते टायर परत बसवा."

"काय झालं गं?"

"काही नाही झालं. तुम्ही ते बसवा आणि गाडी इकडे घेऊन या. त्यांना दिसू दे."

"ठकी, त्या टायरने ब्रेक जाईल. टायरवाल्याने मला..."

"बाबा, बसवा ना."

"त्याने तुला काही केलं का?"

नळ वाहतच होता. मग तिने अगदी समजूतदार आवाजात सांगितलं, "मला आता ठेवायला हवं," आणि फोन बंद झाला.

काचवाला फोन हातात धरून बसला. बायको भाजी निवडत होती, तिने सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "नवरा-बायकोत होतं कधी कधी." मग जुडी खाली ठेवली. "खरं सांगू? मागच्या वेळी आली तेव्हा माठापाशी उभी राहून तिने मला विचारलं, 'आई, पाणी घेऊ का?' या घरात. मी हसले. म्हटलं, सासरची शिस्त लागली पोरीला."

अंगणात कुणाचं तरी मांजर पिकअपच्या टपावरून खाली उडी मारून गेलं.

"हा तोंड दाबून बुक्क्यांचा मार आहे," बायको म्हणाली. "आणि मी शेजारणींना त्याचं कौतुक सांगत होते."

तिला घेऊन यायचं, हे दोघांनी बोलून न दाखवताच ठरलं. पण कसं? भांडून गेलं आणि तिला आणता आलं नाही, तर मागे तिचं काय होईल? काचवाल्याला एकच युक्ती सुचली. जावयाला हवं तसं करायचं. टायर बसवायचे, गाडी दाखवायची, तो खूश झाला की त्याच खुशीत लेकीला चार दिवस मागून घ्यायचं, आईचा गुडघा दुखतोय म्हणून. नवा पाइप अजून आला नव्हता; पण गाडी रिकामी असली, बेताने वळवली, तर टायर पाइपपर्यंत पोचत नाही.

टायरवाल्याने साफ नकार दिला. "तुझ्या मरणाला मी हात लावणार नाही," तो म्हणाला. त्याने जावयाचे टायर रिमवर चढवून तेवढे दिले, तेही काचवाला हातापाया पडला म्हणून. चाकं काढायचं आणि पुन्हा लावायचं काम नवरा-बायकोने अंगणात केलं. एक नट हलेना, तेव्हा बायको लांब पान्यावर दोन्ही पाय देऊन उभी राहिली आणि भिंतीला धरून उडी मारली. नट सुटला. "आणा तिला," ती धापा टाकत म्हणाली.

जावयाचं घर डोंगरापलीकडच्या नव्या वसाहतीत होतं. काचवाला इतका हळू गेला, की सायकलवाले त्याला मागे टाकून गेले. जावई फाटकात उभा राहून पाइपने आपली मोटार धूत होता. पिकअप पाहिली आणि त्याने नळ बंद केला.

"आता कशी दिसते बघा!" तो म्हणाला. आत वळून त्याने हाक मारली, "अगं, बाहेर ये. बाबांनी काय केलंय बघ."

ठकी बाहेर आली. टायरकडे पाहून ती हसली. त्या हसण्याला चेहऱ्याचा वरचा अर्धा भाग साथ देत नव्हता.

काचवाल्याने मनात घोकून ठेवलेलं बोलून टाकलं. "जावईबापू, हिच्या आईचा गुडघा धरलाय. चार दिवस हिला नेलं तर बरं होईल म्हणतो."

"न्या की," जावई लगेच म्हणाला. "विचारायचं काय त्यात? मीच सोडतो तुम्हाला. गाडी मी चालवतो, तुमचा खांदा दुखतो ना? आणि जाता जाता गोदामातून फरशा घेऊ. तुमच्या शेडची जमीन पार उखडलीय, मी बघून ठेवलंय."

"फरशा नकोत," काचवाला घाईघाईने म्हणाला. "भार नको. भार असला की वळताना टायर ब्रेकच्या पाइपला घासतो. मी स्वतः हात लावून पाहिलंय. म्हणून तर काढले होते."

"असं होय!" जावई त्याच्याकडे मायेने बघत म्हणाला. "आणि मला वाटलं, तुम्हाला ते आवडले नाहीत." मग ठकीकडे वळून, "ऐकलंस ना? उगाच मनाला लावून घेतलं मी. उगाच आपल्यात वाद झाला."

"हो," ठकी म्हणाली.

काचवाल्याने पुन्हा सांगितलं, गोदामाच्या दारात सांगितलं, फरशांचे गठ्ठे पिकअपवर चढत असतानाही सांगितलं. प्रत्येक वेळी जावई "हो हो" म्हणाला आणि हमालांना आणखी एक गठ्ठा दाखवला. तेव्हाच लेकीचा हात धरून चालू लागायला हवं होतं. पण ती आधीच आत जाऊन मधल्या जागेवर बसली होती, गिअरच्या दांड्याला लागू नयेत म्हणून गुडघे एका बाजूला करून. तिला एकटं सोडून खाली उभं राहणं काचवाल्याला जमलं नाही. तो तिच्या शेजारी चढला.

गोदामाच्या अरुंद अंगणात गाडी वळवायला जावयाने स्टेअरिंग पार शेवटपर्यंत फिरवलं. कर्रर्र. मागे घेतली, पुन्हा फिरवलं. कर्रर्र.

"हाच तो आवाज," काचवाला म्हणाला.

"नवीन वस्तू आवाज करतेच. सवय व्हावी लागते."

डोंगर चढताना गाडी रडतरखडत चढली. माथ्यावरून उतार सुरू झाला आणि फरशांचा भार पाठीमागून ढकलू लागला. जावई घरातल्यासारखा गप्पा मारत होता. गोदामातल्या कुणा कारकुनाची गोष्ट सांगत होता, की त्या माणसाला काहीही द्या, तो नाक मुरडतोच. बोलता बोलता गाडीचा वेग वाढत होता. रस्त्याकडेचे दगड एकमेकांना चिकटून पळायला लागले.

"जरा बेताने," काचवाला म्हणाला.

"साठच दाखवतोय काटा."

"काटा खोटा आहे. मोठ्या चाकांनी तो कमी दाखवतो."

"म्हणजे चाकंही वाईट आणि काटाही खोटा," जावई हसला. "काहीच बरोबर नाही म्हणा की माझं."

तेव्हा ठकी बोलली. समोर बघत एकच शब्द. "हळू."

जावयाने रस्त्यावरची नजर काढून तिच्याकडे वळवली. तो रागावलेला दिसत नव्हता. उत्सुक दिसत होता, जणू एखादी वस्तू अचानक बोलली होती. त्याचा पाय खाली गेला आणि गाडीने झेप घेतली. पुढे रस्ता डावीकडे वळत होता. वळणावर एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काही नव्हतं.

त्याने ब्रेक दाबला. काचवाल्याने त्याचा पाय पाहिला, तो सरळ तळाला जाऊन टेकला होता. पुन्हा उचलून दाबला, पुन्हा तसाच. स्टेअरिंगवरचे त्याचे हात गोठले होते.

काचवाल्याने लेकीच्या अंगावरून हात टाकून स्टेअरिंग आपल्याकडे, डोंगराच्या बाजूला ओढलं आणि दुसऱ्या हाताने हँडब्रेक खेचला. पिकअपचं अंग खडकावर घासत गेलं. पत्रा किंचाळला, आरसा उडाला. वळणापलीकडे रस्त्याच्या कामासाठी खडीचा ढीग टाकला होता. पिकअप त्यात नाक खुपसून थांबली. पाठोपाठ फरशा सरकून पुढे आल्या आणि मागची काच फुटून तिघांच्या डोक्यांवर, खांद्यांवर, मांडीत सांडली. दाणेदार काच. ही कापत नाही, असं काचवाल्याच्या मनात आलं. एवढ्यातही ते आलं.

मग सगळं शांत झालं. इंजिनातून कसलीशी वाफ निघत होती.

जावयाने केसांतून काच झटकली. तो ठकीकडे वळला. लागलं का, असं विचारेल म्हणून काचवाला त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"बोललीस ना मध्ये?" जावई म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. रोज एकच पाढा म्हणवून घेणाऱ्या मास्तरासारखा सवयीचा आवाज होता.

"चुकलं माझं," ठकी म्हणाली.

एखाद्या फरशीची कड लागली असावी, तिच्या कानामागून रक्त येऊन मानेवर उतरत होतं. तिने ते पुसलंही नव्हतं. आधी ते दोन शब्द म्हणाली होती.

काचवाल्याला त्या वळणावर जी भीती वाटली नव्हती, ती आता वाटली. ही माझी पोर हे रोज म्हणते. सकाळ-संध्याकाळ म्हणते. आणि आपण टायर छान आहेत म्हणालो होतो.

त्याच्या बाजूचं दार वाकलं होतं. त्याने खांदा मारून ते उघडलं, खाली उतरला आणि हात पुढे केला. "ठकी, उतर."

ठकीने नवऱ्याकडे पाहिलं.

"बस तिथेच," जावई म्हणाला. "मी गाडीवाला बोलावतो. आपण घरी जाऊ."

"उतर, बाळ."

ती दोघांच्या मध्ये बसून राहिली. रस्त्याच्या कामावरची माणसं फावडी टाकून खालून पळत येत होती. त्यांच्यातली एक बाई सगळ्यांच्या पुढे होती, ती धापा टाकतच ओरडली, "अहो, ती मुलगी रक्ताने भिजलीय! काढा तिला बाहेर!" कुणातरी परक्या माणसाने मोठ्याने सांगितलं, म्हणून असेल. ठकीने वडिलांचा हात धरला आणि काचेच्या दाण्यांवरून घसरत खाली आली.

काचवाला तिला घेऊन चालायला लागला. मागून जावयाची हाक आली, अगदी मऊ. "बाबा, अहो, असं काय करता? गाडी इथे टाकून जाणार? लोक काय म्हणतील?" काचवाला थांबला नाही. पाठीवर त्या माणसाची नजर त्याला कळत होती. पुढचं वळण येईपर्यंत त्याने मान वळवली नाही. एका भाजीच्या टेम्पोने त्यांना आत घेतलं. त्या टेम्पोवाल्याने एक ओला फडका दिला.

ठकी माहेरी राहिली. आधी चार दिवस म्हणून, मग तसं म्हणायचंही सगळ्यांनी सोडून दिलं. जावई शिवीगाळ करेल, दार ठोठावेल, अशी काचवाल्याची अपेक्षा होती. पण तो फाटकासमोर मोटार लावून आत बसून राहायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करायचा. शेजारच्या आजीबाईंना त्याने एकदा पिशव्या उचलून घरापर्यंत नेऊन दिल्या. आजीबाई येऊन बायकोला म्हणाल्या, "अशा सोन्यासारख्या माणसाला कुणी उन्हात बसवतं का गं?" बायकोने दाराला आतून दुसरी कडी बसवून घेतली.

दोन-चार दिवस मोटार दिसली नाही, की घरातल्यांना बरं वाटण्याऐवजी आणखी धास्ती वाटायची. ठकी खिडकीपासून दूर बसायची. हळूहळू, वडिलांच्या हाताखाली, ती काचेच्या कडा घासायला लागली. कामात असली की तिचे खांदे खाली यायचे. एका संध्याकाळी, काच घासता घासताच, तिने आईला सगळं सांगितलं. काचवाला भिंतीपलीकडे उभा होता. तो थोडंच ऐकू शकला, मग अंगणात जाऊन उभा राहिला.

जावयाला ठकीपासून दूर ठेवावं म्हणून त्यांनी एक वकील बाई गाठल्या; त्यांनी कोर्टात अर्ज केला. पहिल्या तारखेला ती तिघं कोर्टात लवकर जाऊन बसले. गर्दीच्या बोळात एक बाकडं होतं. ठकी मधे, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला काचवाला, आणि त्याच्यापलीकडे एका माणसापुरती जागा रिकामी. जावई इस्त्रीच्या कपड्यांत आला. त्यांना पाहून त्याने आपुलकीने मान हलवली आणि त्या रिकाम्या जागेवर येऊन बसायला लागला.

"बाबा, खांदा कसा आहे आता?" त्याने विचारलं.

वर्षानुवर्षांच्या सवयीने "बरा आहे" हे शब्द काचवाल्याच्या ओठांवर आलेही होते. तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

"इथे जागा नाही," ठकी म्हणाली. "पलीकडे बसा."

तिने आपली पिशवी उचलली, वडिलांच्या अंगावरून हात लांब करून त्या रिकाम्या जागेवर ठेवली. आतल्या किल्ल्या वाजल्या. जावई उभाच राहिला. त्याने तिच्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि हसला. ते हसू काचवाल्याला ओळखीचं होतं. ते इथे संपणारं नव्हतं, हेही त्याला कळलं.

मग आतून शिपायाने नावं पुकारली.